कलम, मोडी आणि धावता हात

१/ ‘कलम’ हा इंडियन टाइप फाउंड्रीचा देवनागरी व रोमन फॉन्ट. हलका, साधा आणि ठळक अशी त्याची तीन वजने आहेत. वहीत घाईने उतरवल्यासारखी त्याची अक्षरे निमंत्रणात, चित्रकथेत किंवा छोट्या सूचनेत आपुलकी आणतात. शासकीय आदेशाला मात्र ती शोभणार नाहीत. अक्षराच्या वळणालाही प्रसंग असतो.

२/ मराठीने हा प्रश्न शतकानुशतके दोन लिप्यांनी सोडवला. पोथीला बाळबोध, कारभाराला मोडी. मोडीत आधी शिरोरेषा आखून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. हात शक्यतो न उचलता लिहिणे, हेच तिचे व्याकरण.

३/ ही धावती लिपी शिशाच्या खिळ्यांतही उतरली. विल्यम कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूरला (बंगाल) छापला गेला, तो मोडी खिळे वापरून. पण पुढे छपाईत बाळबोध स्थिरावली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतूनही गेली. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. आज तिचे फॉन्ट भ्रमणध्वनीवरही चालतात.

४/ मग अडचण कुठे आहे? फॉन्टमधील एका अक्षराला सहसा एकच रूप असते. कागदावर तसे नसते. शिवकालीन वळण वेगळे, पेशवेकालीन वेगळे; त्यातही प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. फॉन्टवरून वर्णमाला आठवड्याभरात पाठ होते, पण खरा कागद समोर आला की तीच अक्षरे अनोळखी वाटू लागतात. मोडी शिकणाऱ्या माझ्यासारख्या प्रत्येकाला या टप्प्यातून जावे लागते. तेव्हा अक्षरापेक्षा संदर्भ आधी वाचावा लागतो: गावाचे नाव, महिना, रकमेची खूण.

५/ आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा केवळ छंदाचा विषय नाही. निजामी राजवटीत वरचा कारभार उर्दूत चाले, तरी मराठीतील कितीतरी नोंदी मोडीत होत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि अडगळीतली दप्तरे एकाएकी मोलाची ठरली. आरक्षणाच्या वादात आपण कोणत्याही बाजूला असू. कागद काय सांगतो हे ठरवायला तो वाचता येणारा माणूस हवाच. एका ओळीच्या वाचनावर एका कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो.

६/ म्हणून मोडीचे फॉन्ट जरूर वापरावेत. उजळणीसाठी आणि लिप्यंतरासाठी ते उत्तम आहेत. मात्र त्यांच्या जोडीला रोज एक मूळ कागद वाचावा. फॉन्ट हाताच्या घाईचे रूप दाखवतो. ती घाई कोणाची होती आणि कशासाठी होती, हे कागदच सांगतो.