दस्तरखान आणि काळीज

मोहल्ल्यात कोणी पन्नाशीच्या आत छातीच्या दुखण्याने गेला की जनाज्यामागून चालताना हमखास कानावर येते, 'वक्त आ गया था.' मौतीची वेळ अल्लाहच्या हाती आहे, याबद्दल आमचा वाद नाही. पण ती येण्यापूर्वीची वीस-तीस वर्षे आमच्या हाती असतात, त्यांचे काय?

आमचे थोरले चाचा ४८व्या वर्षी गेले. रात्रभर गॅस समजून त्यांना ओवा, सोडा दिला गेला. पहाटे इस्पितळात नेईपर्यंत सारे संपले होते. पुढे अब्बांना ५२व्या वर्षी झटका आला, ते वाचले. तेव्हा डॉक्टरांनी आम्हा तिघा भावंडांचेही रक्त तपासायला लावले. दोघांचे एलडीएल १६०च्या वर निघाले. त्रास कोणालाच नव्हता. कोलेस्टेरॉल दुखत नाही आणि खुपतही नाही. म्हणूनच ते मोजावे लागते.

हे आमच्याच घराण्याचे नाही. ५२ देशांत झालेला 'इंटरहार्ट' अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या माहितीनुसार दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, सुटलेले पोट आणि रक्तातली बिघडलेली चरबी ही त्याची मुख्य कारणे.

कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच आणि त्यातले बरेचसे यकृत स्वतःच तयार करते. जास्तीचे एलडीएल मात्र रोहिणीच्या अस्तरात झिरपून साचते. वर्षानुवर्षे थर चढतो आणि एके दिवशी तो फुटून गुठळी होते. रक्तातले एलडीएल परत ओढून घेण्याचे कामही यकृताचेच. ते कसे चालते हे शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल मिळाले. तूप, लोणी, मटणाची चरबी, पामतेल यांतल्या संपृक्त स्निग्धांशाने हे ओढून घेणे मंदावते. वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल नसते हे खरे, पण त्यातल्या ट्रान्स फॅटने एलडीएल वाढते आणि चांगले एचडीएल घटते. जानेवारी २०२२पासून आपल्या देशात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली. भज्यांचे तेच ते तेल पुन्हापुन्हा तापवणाऱ्या कढईवर मर्यादा घालणे मात्र आपल्याच हाती आहे.

लोक दोष देतात ईदच्या बिर्याणीला. ईद वर्षातून दोनदा येते. चहाबरोबरची खारी आणि सालनावरची बोटभर तर्री रोज येते. रमजानमध्ये तर तीस दिवस भजी-समोसे. आमच्या घरी अम्मीने बदल इथूनच सुरू केला. चार माणसांना महिन्याला दोन लिटर तेल, त्याहून थेंबभर जास्त नाही. इफ्तारला खजूर, फळे आणि उकडलेले चणे. दालच्यात मटण निम्मे; दुधी आणि चणाडाळ दुप्पट. मटणाची चरबी आधीच काढलेली. आठवड्यातून दोनदा बांगडा, तोही तव्यावर. सकाळी जवाची लापशी. जवातला विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल थोडे खाली आणतो. चव गेली का? आमच्या घरचा दालचा पाहुणे अजूनही मागून घेतात.

अम्मीचे स्वतःचे रक्त मात्र सर्वांत शेवटी तपासले गेले. फजरनंतर मर्द फिरायला जातात, बायका चुलीपाशी. पाळी थांबल्यावर बाईचाही धोका वाढतो. तिची छाती दुखेलच असे नाही. कधी नुसता दम लागतो, थकवा येतो, जबडा किंवा पाठ दुखते. 'काम जास्त झाले' म्हणून ते झटकून टाकले जाते.

ज्यांना आहार पुरत नाही, त्यांना डॉक्टर स्टॅटिनची गोळी देतात. 'एकदा लागली की सुटत नाही' या भीतीने ती परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले तर झटका-पक्षाघाताचा धोका जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होतो. झटका येऊन गेलेल्याचे एलडीएल ५५च्या खाली असावे, असे आजचे डॉक्टर सांगतात. गोळी दिवसातून एकदाच असते. रमजानात ती इफ्तारनंतर घेता येते.

ज्या घरात बाप, चाचा किंवा मामू लवकर गेले आहेत, त्या घरातल्या मुला-मुलींनी विशीतच एकदा रक्त तपासावे. वलीम्याच्या देगेवर किती तेल तरंगते यावर घराची इज्जत मोजणे आता थांबवू या. पाहुण्याला पोटभर खाऊ घालणे ही आपली रीत. तो पुढच्या दावतीलाही यावा, एवढी काळजीही त्या रीतीतच धरू या.