विहिरीवरचें इंजिन

वडिलांच्या मागें त्यांचें जें कांहीं आमच्याकडे उरलें आहे, त्यांत विहिरीवरचें एक लहानसें पेट्रोल-रॉकेलचें इंजिन आहे. गेल्या उन्हाळ्यांत तें रुसलें. दोरी ओढतांच सुरू होई, पण तापलें कीं बंद पडे; निवलें कीं पुन्हा चाले. इकडे वांग्यांचे वाफे वाळत होते, आणि आमचे धाकटे बंधु भंगाराचा भाव विचारून आले होते.

या यंत्राला बॅटरी नसते. चक्रांतले लोहचुंबक फिरतात, तारेच्या वेटोळ्यांत वीज उपजते आणि पॉइंट उघडतांच प्लगवर ठिणगी पडते. आम्हीं प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवून पाहिला. ठिणगी निळी, ठसठशीत! मॅग्नेटो निर्दोष ठरला, आणि बिचाऱ्या कार्बुरेटरची दोनदां झडती झाली. उघड्या हवेंत सहज उडणाऱ्या ठिणगीला सिलिंडरांतल्या दाबलेल्या वायूंतून वाट काढणें जड जातें, हें शिकलेलें आम्हांस तेव्हां आठवलें नाहीं. मग काळवंडलेले पॉइंट घासले, त्यांतली फट 0.4 मिलिमीटर केली; व्यर्थ.

शेवटीं गडी म्हणाला, "मालक, बंद पडतंय तापल्यावर, अन् तुम्ही ठिणगी बघताय निवल्यावर. ती चोरी कशी सापडंल?"

आम्ही ओशाळलों. पुढल्या खेपेस इंजिन थांबतांच, बोटें भाजून घेत, प्लग काढला. ठिणगी पिवळी, मरतुकडी. चक्र उतरवून कंडेन्सर बदलला, आणि त्या संध्याकाळीं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोंचलें.

जुना कंडेन्सर वडिलांच्या पान्यांच्या डब्यांत ठेवला आहे. बंधूंना मात्र भंगाराचा भाव अजून तोंडपाठ आहे.