खिडकीची जागा

आषाढ लागला की डोंबिवलीच्या आजोबांना गणपतीचे वेध लागतात. कोकणात जायच्या गाडीचे तिकीट साठ दिवस आधी, सकाळी 8 च्या ठोक्याला. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. नोव्हेंबर 2024 पासून निम्म्यावर आली, याचा त्यांना राग आहे. बेत आखायचे दोन महिने बुडाले ना!

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी एसटी, कशेडीचा घाट आणि नाकाशी लिंबू धरून बसलेली धाकटी बहीण.

आता साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की ते चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसतात. नातू रेंज गेली म्हणून कुरकुरतो. पुढे रत्नागिरीला वडापाव घ्यायचाच, डबा भरलेला असला तरी.