मिक्सरचा पुनर्जन्म, तापकीर गल्लीत!

शनिवारची सकाळ. इडल्या वाफेवर, खोबरं-मिरची भांड्यात आणि मिक्सर... नुसताच घूंऽऽ घूंऽऽ! मोटर फिरतेय, पातं मात्र ढिम्म.

एरवी सरळ नवा ऑर्डर केला असता. पण हा मिक्सर आईचा. नोकरीसाठी पुण्याला निघाले, तेव्हा तिनं स्वतःच्या ओट्यावरून उचलून दिलेला. आणि रविवारी आई येणार होती! सर्व्हिस सेंटरला फोन लावला, तर उत्तर तयार, ‘मॅडम, जुना झालाय. नवीनच घ्या.’

मग मिक्सर पिशवीत घातला आणि गाठली बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. एक फुकटचा सल्ला : गाडी नेऊ नका. पार्किंग शोधताना मिक्सरच्या मोटरपेक्षा तुमचंच डोकं जास्त तापेल. मंडई मेट्रो स्टेशनला उतरा आणि मस्त चालत जा.

गल्ली म्हणजे वायरींची वेटोळी, एलईडीच्या माळा, स्विचेस, होल्डर आणि गर्दी. एका एवढ्याशा दुकानात मी कंपनी, मॉडेल वगैरे घडाघडा सांगायला लागले. काकांनी हात वर केला. ‘ते राहू द्या. वस्तू दाखवा.’

वस्तू काउंटरवर आली. काकांनी भांडं बाजूला केलं आणि मोटरवरच्या काळ्या चकतीवर बोट ठेवलं. तिचे दाते पार गुळगुळीत! ‘कप्लर गेलाय. भांडं अडकलं, की आधी यानं झिजायचं. म्हणून तर मोटर वाचली.’

किंमत? चाळीस रुपये. मी हजारोंचा मिक्सर भंगारात काढायला निघाले होते, राव!

खरं तर घरातल्या बऱ्याच वस्तू अशाच ‘मेल्याचं नाटक’ करतात. मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला? थोडा गार होऊ द्या आणि तळाचं ओव्हरलोडचं बटण दाबा. ते बहुतेकदा लाल असतं. आत खूप ठिणग्या दिसतायत, मोटर अडखळतेय? कार्बन ब्रश झिजले असतील. नेहमीचा छताचा पंखा रेंगाळतोय? कपॅसिटरवर संशय घ्या. बऱ्याच पंख्यांत तो २.५ माइक्रोफॅरडचा असतो, पण जुन्यावरचा आकडा वाचून तोच मागा. सगळ्यात बेस्ट म्हणजे जुना तुकडाच सोबत न्या.

हिरोगिरी मात्र नको. आधी प्लग काढा, पंख्यासाठी मेन स्विच बंद करा. आणि मायक्रोवेव्ह उघडायचा नाही म्हणजे नाही! प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज साठलेला असू शकतो.

घरी आले, पेपर अंथरला, मिक्सर उलटा केला. तळाचं झाकण काढून शाफ्ट घट्ट धरला आणि कप्लर फिरवला. हलेना. काकांनी बजावलं होतं, ‘आटे उलटे असतात बऱ्याचदा, जबरदस्ती करू नका.’ दुसऱ्या बाजूला फिरवला आणि सुटला की! नवा बसवला, प्लग लावला, बटण फिरवलं. घर्रर्र! इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

रविवारी आईनं चटणी वाटली. मी दारात उभी, कौतुकाची वाट बघत.

‘अगंबाई, चालतोय होय अजून हा?’ आई म्हणाली. ‘मी तर म्हणणार होते, टाकून दे आणि नवा घे!’