दहा नंबरची सुई

"मावशी, तू सांगितलंस तसंच विणलं, पण हे बाळाचं स्वेटर माझ्याच अंगात येईल गं!" भाचीचा न्यूजर्सीहून फोन. मी १० नंबरची सुई घे म्हटलं होतं, तिने तिथल्या दुकानातून १० नंबरच आणली. गंमत अशी की आपल्याकडचे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. १२ म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४. अमेरिकेत बरोबर उलट! तिथली १० नंबर तब्बल ६ मिलिमीटरची. आपली १० हवी तर तिथे ३ नंबर मागायची. क्रोशाचंही तसंच, आपल्या मुक्या खांबाला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडात डबल क्रोशे. म्हणून परदेशी नमुना हाती आला की नंबर बघू नये, मिलिमीटर बघावेत. आणि आधी चार इंचाचा चौकोन विणून टाके मोजावेत. कंटाळा येतो, माहीत आहे. तरी विणावा.

बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. ओळखायची असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरडते. सुताला जळक्या कागदाचा वास. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. अ‍ॅक्रिलिक वाईट असं नाही, धुवायला सोपं, फक्त गरम इस्त्री लावू नका, विण लुळी पडते ती पडतेच. खऱ्या लोकरीला मात्र गरम पाणी नको, आटून नमदा होतो.

दिवाळीनंतर आमच्या मारेगावात जिकडे बघावं तिकडे कापूस. पण विणायला सुती धागा हवा तर मला वणी गाठावी लागते! इथला कापूस जिनिंगमधून गाठी होऊन जातो, धागा होऊन कुठून कुठून येतो. असो. सुताला लोकरीसारखा ताण नसतो, बॉर्डर सैल पडते, मोठं स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबतं. पण आपल्या विदर्भात थंडी ती केवढी, तान्ह्या बाळाच्या टोपड्याला सुतीच बरं असं माझं मत. (धाग्याचं वेड असलेल्यांनी वर्ध्याचं मगन संग्रहालय जरूर बघावं, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. चरखे बघण्यासारखे आहेत.)

आता उसवण्याबद्दल. आईने बाबांसाठी विणलेलं मरून स्वेटर माझ्या ट्रंकेत होतं. दोघंही गेली. यंदा उघडलं तर कसर लागलेली. भाऊ म्हणाला, "हात लावू नकोस, आहे तसं ठेव." वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षांनी नुसती भोकं उरतील." आठ दिवस ते तसंच खाटेवर पडून होतं. मग मी कात्री घेतली.

आधी बाजूच्या शिवणी सोडायच्या, मग जिथे टाके बंद केले त्या टोकापासून, म्हणजे गळ्याकडून, उसवायचं. धागा पाटाभोवती गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगायची, खाली हलकं वजन. वळ्या निघून जातात.

पाठीचा वरचा भाग उसवताना दिसलं, मरून रंग तिथे किंचित वेगळा आहे. लोकर संपली असणार आणि दुसऱ्या घाणीतली आणावी लागली असणार. (म्हणूनच सांगते, लागेल तेवढी एकदम घ्या, लेबलवरचा लॉट नंबर सारखा बघून.) आईने तो फरक बरोबर पाठीवर, कॉलरखाली दडवला होता. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही, बाबांच्याही नाही.

भाऊ रविवारी आला. लडी बघून काही बोलला नाही. खुर्चीत बसला आणि लहानपणी आईपुढे धरायचा तसे दोन्ही हात पुढे केले. मी लडी त्याच्या हातांवर चढवली आणि गुंडा करत बसले. कसरीने धागा जागोजागी तुटलेला, दर तुटीला तो हात थांबवायचा, मी गाठ मारायची. तीन गुंडे झाले. भाचीच्या बाळाचं स्वेटर त्यात सहज होईल, आपल्या १० नंबरवर. उरलेल्या तुकड्यांचं टोपडं घातलं आहे, पण भाऊ म्हणतो ते त्याच्या नातवाला हवं.