बुंदीला घेऊन डेहराडूनला

डेहराडूनच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न पगाराबद्दल नव्हता. "बुंदीचं काय?" एवढंच तिनं विचारलं.

बुंदी आमची गावठी कुत्री. तांबूस रंगाची, बावीस किलो वजनाची, एका पावसाळ्यात खडकपाड्याला बंद दुकानाच्या फळीखाली सापडलेली. तिला कल्याणलाच ठेवून जा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आईचे गुडघे दुखतात. आणि हे सगळं नसतं तरी मी तिला न्यायचंच ठरवलं असतं. लहानपणापासून ती माझ्या पायाशी झोपत आली आहे. माणसाची नोकरी बदलली म्हणून कुत्र्याचं माणूस बदलावं, हे मला पटणारं नव्हतं.

प्रश्न पैशांचा होता. येण्याचा खर्च शाळा देणार नव्हती. शिल्लक ऐंशी हजारांच्या आत, आणि त्यातूनच नव्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं. घर हलवताना लोक आधी फर्निचरचा हिशेब करतात, मग माणसांच्या तिकिटांचा, आणि उरेल त्यात जनावराचं बघतात. मी कागदावर पहिल्या ओळीत बुंदी लिहिली. तिचा प्रवास सुरक्षित व्हायला जो खर्च लागेल तो आधी बाजूला काढायचा आणि बाकी सगळं त्याखाली बसवायचं. कपाट तिथे नवं घेता येतं, नाहीतर वर्षभर त्याच्यावाचून राहता येतं.

विमानाचा विचार आधी केला. आपल्याकडे काही कंपन्या पाळीव प्राणी नेतात, अकासा एअरनं २०२२ मध्ये ही सोय सुरू केली. पण प्रवाशांच्या शेजारी बसायची मुभा लहान कुत्र्यांनाच असते. बावीस किलोंची बुंदी सामानाच्या कक्षात गेली असती, तेही तिला आत नीट उभं राहता येईल, वळता येईल, पसरता येईल अशा मापाच्या पिंजऱ्यात. पिंजरा महाग. तो विमानात चढेपर्यंत धावपट्टीजवळ उन्हात किती वेळ थांबेल हे आपल्या हातात नाही. कुकरच्या शिट्टीला कॉटखाली शिरणारी कुत्री मला इंजिनांच्या आवाजात एकटी सोडायची नव्हती. प्राण्यांची ने-आण करणाऱ्या एका संस्थेनं सगळं मिळून जो आकडा सांगितला, तो माझ्या अर्ध्या शिलकीहून मोठा होता. गाडी भाड्यानं घेऊन सतराशे किलोमीटर जायचं म्हटलं, तर चालकाचं परतीचं भाडं आणि वाटेतले दोन मुक्काम, तेही कुत्र्याला घेणाऱ्या हॉटेलात.

राहिली रेल्वे. आमच्या कुटुंबात रेल्वे नवी नाही. आईचं माहेर भुसावळचं, मावशीचे यजमान तिथल्या लोको शेडमधून निवृत्त झालेले. पण कुत्रा रेल्वेतून नेतात कसा, हे त्यांनाही धड माहीत नव्हतं. नियम असा की स्लीपर, थ्री एसी, टू एसी, चेअर कार, यांत कुत्र्याला मज्जाव. फर्स्ट एसीत नेता येतो, पण अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन आपल्याच नावावर असेल तरच. कूपे दोघांचा, केबिन चौघांची. म्हणजे दोन तिकिटं घ्यायची आणि कूपे मिळावा यासाठी खटपट करायची. दुसरा प्रवासी म्हणून बाबा तयार झाले. "मलाही एकदा फर्स्टनं जायचंय," ते म्हणाले.

दुसरा मार्ग डॉग बॉक्सचा होता. गार्डच्या डब्यात लोखंडी खोका असतो, त्यात कुत्रा ठेवायचा आणि आपण आपल्या डब्यात बसायचं. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण पार्सल ऑफिसात सगळे अजून गार्डच म्हणतात. हे सगळ्यांत स्वस्त. मी तो खोका जाऊन पाहिला. अंधार, पत्रा, खाली रुळांचा आवाज, आणि मोठं स्टेशन येईपर्यंत तिच्याकडे बघायलाही जाता येणार नाही. धीट, पिंजऱ्याची सवय असलेलं कुत्रं थोड्या अंतराला कदाचित निभावेल. बुंदीसाठी तो नव्हता, म्हणून ती बचत मी सोडली.

गाडी पंजाब मेल ठरली. बाबांना तिचं कौतुक फार. १९१२ साली सुरू झालेली ही गाडी तेव्हा बॅलार्ड पिअरहून थेट पेशावरला जायची. मला तिच्या वेळेत रस होता. मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीत पोचते, म्हणजे वाटेत रात्र एकच, आणि रात्री बुंदी सलग झोपते. महिना ठरवायलाही बराच विचार केला. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुक्यानं गाड्या तासन्‌तास रखडतात. एप्रिलपासून ऊन. होळीला गर्दी आणि रंग. शाळा एप्रिलमध्ये सुरू होणार होती, तरी मी फेब्रुवारीचा शेवट धरला. महिनाभराचं भाडं जास्त पडलं, पण ते मला जड वाटलं नाही. स्वस्तात हलायचं असेल तर हाताशी वेळ पाहिजे. घाईत प्रत्येक गोष्ट दीडपट पडते, आणि त्या घाईचा त्रास मुक्या जनावराला सगळ्यांत जास्त होतो.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. त्या सकाळी एकाच पीएनआरवर दोन तिकिटं काढली. दोघांची मिळून आठ हजारांच्या आसपास. मग खरी कसोटी. फर्स्ट एसीच्या तिकिटावर 'कन्फर्म' एवढंच येतं, कुठली जागा ते चार्ट लागल्यावर कळतं. म्हणून विभागाच्या वाणिज्य कार्यालयात लेखी अर्ज दिला: आम्ही दोघं, सोबत कुत्रा, कूपे मिळावा. तिकिटाची प्रत आणि लसीकरणाची वही जोडली, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तिथले साहेब म्हणाले, "अर्ज केलात ते बरं केलंत, पण शब्द देता येत नाही." मोठ्या लोकांचे कोटे असतात, त्यापुढे आपलं काही चालत नाही. ही टांगती तलवार गाडीच्या दिवसापर्यंत डोक्यावर राहते, आणि हा नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. कूपेचे पूर्ण पैसे भरणाऱ्याला तो आधीच का देता येऊ नये?

मधले दोन महिने बुंदीच्या तयारीत गेले. ती मातीवर आणि गवतावरच शू करायची. फलाटावर दोन्ही नाहीत. म्हणून कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा आणून गच्चीत टाकला, त्यावर थोडी बागेतली माती पसरली. रोज सकाळी तिथे नेऊन "शू कर" म्हणायचं, केली की लगेच खाऊ. माती हळूहळू कमी करत नेली, आणि ती फक्त त्या तुकड्यावर, त्या दोन शब्दांवर मोकळी व्हायला शिकली. प्रवासात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. संध्याकाळी तिला रुळांच्या बाजूच्या रस्त्यावर फिरवायला न्यायचे. आधी लांबून, मग जवळून. मालगाडी गेली की तिला चिकनचा तुकडा मिळायचा. पट्ट्याबरोबर छातीचा हार्नेसही घेतला, आणि दोन दोऱ्या: घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून पट्ट्यातून सहज निसटतं. हार्नेसवर माझा आणि बाबांचा फोन नंबर शिवून टाकला.

डॉक्टरांना गुंगीच्या औषधाबद्दल विचारलं. ते ठाम नाही म्हणाले. गुंगीत कुत्र्याला शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो, आणि श्वास अडकला तर झोपलंय असं वाटून आपल्या लक्षातही येत नाही. निघण्याआधी काही तास पोट हलकं ठेवा, पाणी थोडं थोडं द्या, अंथरूण तिचंच न्या, धुवू नका, इतकंच त्यांनी सांगितलं. रेबीजचं इंजेक्शन चालू होतं, बाकी लसीही. प्रवासाला योग्य असल्याचा दाखला मात्र अगदी आदल्या दिवशीच घ्यावा लागतो, जुना चालत नाही.

सामानाचं सांगायला फारसं नाही. पलंग, फ्रिज, कपाट विकलं. पुस्तकं, भांडी, कपडे आणि बुंदी ज्यावर झोपायची ती जुनी गादी, एवढं पार्ट लोडनं पाठवलं. अख्ख्या ट्रकच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झालं. सामान पंधरवड्यानं पोचलं, पण पोचलं. बिल्टीवर प्रत्येक खोक्याची वेगळी नोंद करून घ्यावी, एवढंच सांगेन.

घर शोधताना मात्र जीव मेटाकुटीला आला. फोनवर सगळं ठरायचं आणि कुत्र्याचं नाव काढलं की आवाज बदलायचा. सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण घरमालकानं भाड्यानं द्यायचंच नाही म्हटलं तर त्यापुढे काय करणार? काही जणांनी न सांगता कुत्रा न्यायचा सल्ला दिला. मी तो मानला नाही. महिन्याभरात बाहेर पडावं लागलं तर दुसरं डिपॉझिट कुठून आणायचं? शेवटी शाळेतल्या एका शिक्षिकेनं राजपूरच्या बाजूचं तळमजल्याचं घर सुचवलं. मालक निवृत्त सुभेदार, गढवाली. त्यांनी व्हिडिओ कॉलवर बुंदीला दाखवायला सांगितलं, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, इसकी आँखें शांत हैं। ले आओ।" तरी करारनाम्यात कुत्रा ठेवण्याच्या परवानगीची ओळ मी घालून घेतली.

निघायच्या दिवशी चार्ट लागेपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही. मग बाबांनी मोबाइलवर पाहिलं आणि नुसती मान हलवली. कूपे मिळाला होता. बुंदीला लोकलनं नेता येत नाही, म्हणून ओळखीच्या गाडीनं सीएसएमटी गाठलं, पार्सल ऑफिसला वेळ लागणार हे धरून पुष्कळ आधी. तिथे दाखला, लसीची वही, तिकीट, आधार, सगळ्याच्या प्रती लागल्या. काउंटरवरच्या ताई कागद बघता बघता म्हणाल्या, "कागद पुरे असले की आम्हालाही बरं वाटतं हो, लोक ऐन वेळी पळत येतात." पावती झाली. आकार लगेज दरानं पडतो, आमच्या एका तिकिटाच्या निम्म्याहूनही कमी पडला.

गाडी हलली तेव्हा बुंदी थरथरत होती. मी खाली तिच्या चादरीवर बसले, तिची पाठ माझ्या मांडीला टेकलेली. कसारा घाट चढेपर्यंत थरथर थांबली. इगतपुरीनंतर ती झोपली. टीसी आले, पावती पाहिली, दार लावून घ्या म्हणाले आणि गेले.

भुसावळला मध्यरात्र उलटून गेली होती. मावशी आणि काका फलाटावर उभे. मावशीनं खिडकीच्या काचेतून आधी बुंदीला पाहिलं, मग दाराशी येऊन दोन डबे हातात दिले. "हा तुमचा, आणि हा माझ्या लेकाचा. दिल्लीत त्याला पोटभर मिळतं की नाही देवाला ठाऊक." भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. गाडी सुटेपर्यंत ती दाराजवळच उभी होती, बुंदीच्या डोक्यावर हात ठेवून.

सकाळी इटारसीला उतरवलं नाही, गर्दी फार. भोपाळला गाडी जरा जास्त थांबते. बाबा डब्याच्या दारात उभे राहिले, मी फलाटाच्या टोकाशी हिरवळीचा तुकडा टाकला. बुंदीनं आधी नाकानं सगळा फलाट वाचला. मी "शू कर" म्हटलं, आणि तिनं केली. मी बाटलीनं जागा धुतली. एक हमाल थांबून बघत होता, हसून म्हणाला, "बहुत समझदार है।" मला इतका अभिमान वाटला! पुढे झाशीला पुन्हा तसंच. बाकी दिवसभर ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, ग्वाल्हेरच्या पुढे तर अगदी माणसासारखी हनुवटी टेकून.

दिल्लीत मावसभाऊ घ्यायला आला. राजेंद्र नगरला एका खोलीत राहून तो यूपीएससीचा अभ्यास करतो. घरमालकाची परवानगी त्यानं आठवडाभर आधीच काढली होती, त्यामुळे हॉटेलचा खर्च वाचला. त्यानं डबा उभ्या उभ्या संपवला. सकाळी टॅक्सी. 'यूके ०७' ही डेहराडूनची नंबर प्लेट. सवारी सोडून रिकाम्या परतणाऱ्या अशा गाड्या एकेरी भाड्यात येतात, दिल्लीची टॅक्सी केली तर दोन्हीकडचं भाडं पडतं. खतौली, मुझफ्फरनगर, मग मोहंडचा घाट आणि साल वृक्षांचं जंगल. घाटात बुंदीनं एकदा उलटी केली, बाकी काही नाही.

सुभेदारसाहेबांनी आल्या आल्या सांगितलं की अंधार पडल्यावर तिला अंगणात एकटी सोडायची नाही. मसुरीच्या पायथ्याशी बिबट्या येतो आणि कुत्र्यांवरच त्याची नजर असते. पहाडातल्या मेंढपाळांच्या भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात यासाठीच लोखंडी काटेरी पट्टे असतात. बुंदीच्या मानेला तो पट्टा जड होईल, म्हणून आम्ही तिचं संध्याकाळचं फिरणं अलीकडे आणलं आणि मागच्या पडवीला जाळी लावून घेतली. महापालिकेत नोंदणी करावी लागते, तिथे पुन्हा तीच फाइल पुढे केली आणि बिल्ला मिळाला.

दिवाळीला कल्याणला ये, असं आई म्हणत होती. पण सुट्टीच्या गर्दीत कूपे मिळेल याची खात्री नाही, आणि फटाक्यांच्या दिवसांत बुंदीला फलाटावर न्यायचं नाही हे माझं पक्कं आहे. तेव्हा यंदा आईबाबाच येताहेत, थ्री एसीनं हरिद्वारपर्यंत. तिथून मी त्यांना घेऊन येईन.