भिरंडीला भिरंडच म्हणा

नव्यानं लिहू लागलेली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात : "स्वतःची शैली सापडते कशी?" आणि नवा धंदा सुरू केलेली मंडळी भेटली की विचारतात : "आमच्या मालाचा ब्रँड कसा करायचा?" दोघांनाही वाटतं, आपले प्रश्न अगदी वेगळे आहेत. मला मात्र ते एकाच घरातले सख्खे भाऊ वाटतात. बाजारात काय किंवा मासिकात काय, शंभर माणसं एकदम बोलत असतात. त्या गलक्यात आपलं बोलणं आपलं म्हणून ओळखू यावं कसं, एवढाच तो प्रश्न आहे.

आपल्या बाकीबाबांचंच बघा. १९१० साली जन्मलेल्या बोरकरांचा 'प्रतिभा' हा पहिला संग्रह १९३० साली आला, म्हणजे ऐन विशीत. त्यांच्या कवितेवर भा. रा. तांबे यांचा संस्कार आहे, हे मराठीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. गंमत अशी, की तांबे ग्वाल्हेरकडचे आणि बोरकर गोव्याचे. मराठीतल्या गेय कवितेचा हा एक ठळक धागा पुण्या-मुंबईबाहेरच्या दोन टोकांना जोडतो! पण तांब्यांच्या वाटेनं चालायला लागलेला हा कवी जुवारीच्या काठाशी आला आणि त्याचा सूर त्याचा झाला. माड, देऊळ, पाणी, पाऊस हे तर सगळ्यांकडेच होतं. बोरकरांचा कान दोन भाषांवर पोसलेला होता. घरची कोंकणी आणि शिकलेली मराठी, या दोन्हींत त्यांनी लिहिलं. 'ससाय' या कोंकणी संग्रहाला १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्यांची मराठी वाचताना मला त्या दुसऱ्या भाषेची लय आत कुठेतरी वाहताना ऐकू येते. ही गोष्ट ठरवून आणता येत नाही; ती दाबून टाकली नाही म्हणजे झालं.

दुसरं उदाहरण मारियो मिरांडा यांचं. आज पणजीत फिरताना कपांवर, फरशांवर, टी-शर्टांवर मारियोची माणसं दिसतात. ती टपोऱ्या डोळ्यांची माणसं आणि ती खच्चून भरलेली चित्रं लांबूनही ओळखू येतात. धंद्याच्या भाषेत याहून मोठा 'ब्रँड' गोव्यात क्वचितच असेल. पण त्याचा क्रम लक्षात घ्या. तरुण वयात हा माणूस लोटलीत बसून रोजनिशीत गावच्या माणसांची चित्रं काढत होता. पाद्री, भाटकार, गावातल्या बायका, लग्नं, भांडणं, सगळं त्यात होतं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं. पुढे मुंबईत चार वर्षं त्यांनी जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरीही केली, म्हणजे दुसऱ्यांच्या मालासाठी चित्रं काढली. मग व्यंगचित्रं, नियतकालिकं, परदेश. कपावर छापलं जाण्याच्या कित्येक वर्षं आधी ती रेषा रोजनिशीत तयार होत होती. आजचा नवा धंदेवाला मात्र आधी कप छापतो आणि मग रेषा शोधायला निघतो!

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या गावच्या पोदेरावर एक लेख महाराष्ट्रातल्या एका नियतकालिकाला पाठवला होता. छापून आला तेव्हा 'पोदेर'चा 'पाववाला' झाला होता, 'चवथी'चा 'गणेशोत्सव' आणि 'कुळागरा'ची 'नारळी-पोफळीची बाग'. संपादक भला माणूस. फोनवर म्हणाले, "अहो, आमच्या वाचकाला कळायला नको का?" आता कुळागर म्हणजे निव्वळ बाग नव्हे. पोफळीच्या सावलीत केळ, पोफळीवर चढलेली मिरी, मधून खेळवलेलं पाटाचं पाणी आणि ते पाणी राखणाऱ्या माणसांचं आयुष्य, एवढं सगळं त्या चार अक्षरांत आहे. वाचकाला शब्द अडतो, हे खरं. पण पुढच्या दोन वाक्यांत तो कळेल अशी सोय लेखकानं करायची असते, आणि ती मी केलेली होती. शब्दच काढला की त्या दोन वाक्यांना काम उरत नाही. लेख छापला गेला. पण तो कुणीही लिहिला असता असा झाला.

मग काय, लेखात गावरान शब्द पेरले की झाला आपला आवाज तयार? तसंही नाही. 'सुशेगाद' या शब्दाचं काय झालं ते पाहा. पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून आलेला, शांत-निवांत अशा अर्थाचा हा चांगला शब्द. पर्यटनाच्या धंद्यानं तो हॉटेलांच्या पाट्यांवर आणि टोप्यांवर इतका चिकटवला की आता तो ऐकला की समुद्रकिनारी लोळणारा माणूसच डोळ्यांसमोर येतो. रात्री भट्टी पेटवणारा पोदेर किंवा सकाळ-संध्याकाळ माडावर चढणारा रेंदेर यांना विचारा, तुम्ही सुशेगाद आहात का म्हणून! शब्द गोव्याचाच, पण बोलणारा गोव्याचा राहिला नाही.

हे सगळं मला नीट कळलं ते एका बाटलीच्या लेबलामुळे. फोंड्याच्या बाजूला आमच्या ओळखीच्या सात-आठ बायकांचा एक स्वयंसहाय्य गट आहे. एप्रिल-मे महिन्यात भिरंडं पिकली की त्या आगळ, सोलां आणि थोडं भिरंडेल करतात. एका वर्षी त्यांनी बाटल्यांसाठी बँकेचं कर्ज काढलं. गटातल्या एकीच्या मुलानं मोबाइलवर संगणकाकडून मिनिटभरात लेबलाचा मजकूर करून घेतला. 'निसर्गाचा अनमोल ठेवा', 'परंपरेची चव, आधुनिक गुणवत्ता', 'प्रीमियम कोकम', आणि मागे समुद्र व दोन माड. शुद्धलेखन तपासायला तो कागद माझ्याकडे आला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी तसं म्हणालो, तर गटातली वयानं मोठी बाई म्हणाली, "तें बरें, बाब. पूण ह्या कागदार आमी खंय आसात?"

मी निरुत्तर झालो. मग कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आगळ कसं करता ते सांगा." बायका एकमेकींचं बोलणं तोडत सांगू लागल्या. भिरंड फोडायचं, मीठ किती, रस सुटायला किती दिवस, साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायच्या तेव्हा सोलां होतात, आणि मळब आलं की सगळ्यांची कशी धांदल उडते. त्यांच्या बोलण्यात तक्रार एकच होती. बाहेरची गिऱ्हाइकं आगळ म्हणजे गोड सरबत समजून पेल्यात भरपूर ओततात, तोंड खारट करून घेतात आणि परत येत नाहीत. 'प्रीमियम कोकम' वाचून दुसरं काय समजणार? म्हणजे लेबलातला गुळगुळीतपणा हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नव्हता. त्यात गिऱ्हाईक जात होतं आणि कर्जाचा हप्ता अडणार होता.

शेवटी त्यांच्याच बोलण्यातून लेबल झालं : 'आगळ. भिरंडीचा रस आणि मीठ, दुसरं काही नाही. हे सरबत नव्हे, खारट आहे. एका पेल्याला एक चमचा. सोलकढी करताना आधी चाखा, मग मीठ घाला.' समुद्र काढून टाकला, कारण त्यांच्या गावातून तो दिसतच नाही. मुलगा जरा नाराज झाला. म्हणाला, "काका, 'भिरंड' बाहेर कुणाला कळणार?" मी त्याला सांगितलं, की गार्सिया द ओर्तानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात या फळाची 'ब्रिंदोंइश' या नावानं दखल घेतली आहे. पोर्तुगीज वैद्याच्या जिभेवर जे नाव चारशे साठ वर्षांपूर्वी बसलं, ते आजच्या गिऱ्हाइकाच्या जिभेवर का बसू नये? खाली बारीक अक्षरात 'कोकम' घालू, म्हणजे अडणार नाही.

अष्टमीच्या फेरीत त्या बाटल्या मांडल्या. सगळ्या खपल्या असं नाही. पण लोक लेबल वाचून हसत होते, थांबत होते, "खारट म्हणजे किती खारट?" असं विचारत होते आणि मग त्या बायकांशी बोलत होते. हप्ता वेळेवर गेला, हे मला नंतर कळलं.

पुण्याच्या चितळे बंधूंचं 'दुपारी १ ते ४ बंद' कुणाला ठाऊक नाही? २०१७ पासून दुकान दुपारीही उघडं असतं, तरी विनोद काही बंद झालेला नाही. कुठल्याही जाहिरात कंपनीनं असं वाक्य सुचवलं नसतं. ती त्या दुकानाची वागण्याची रीत होती आणि लोकांनी तिच्यातूनच दुकानाचा स्वभाव ओळखला.

आता सरकारी मानांकनंही आली आहेत. फेणीला भौगोलिक मानांकन २००९ साली मिळालं, बिबिंक आणि मानकुराद आंब्याला २०२३ साली. हे चांगलंच झालं. नावाची चोरी थांबवायला कायदा हवाच. पण कायदा नाव राखतो, त्या नावानं बोलायचं काय, हे ज्याचं त्यानं ठरवावं लागतं.

म्हणून विचारणाऱ्यांना मी हल्ली एकच साधी कसोटी सांगतो. लिहिलेलं मोठ्यानं वाचा आणि लेखकाचं किंवा मालाचं नाव बोटानं झाका. तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्याही नावाखाली चालत असेल तर ते खुशाल खोडा. उरेल ते थोडं असेल, कदाचित ओबडधोबडही असेल. त्यापासून सुरुवात करा. ज्याच्याशी बोलायचं आहे तो माणूस समोर बसला आहे असं समजा, आणि त्याला जे माहीत असायला हवं ते आधी सांगा.

आम्हा गोंयकार मराठी लिहिणाऱ्यांना तर याची जास्तच गरज आहे. आपली मराठी पुण्याच्या मराठीसारखी नाही म्हणून आपण फार काळ ओशाळत आलो. घरात कोंकणी, शाळेत मराठी, आजोबांच्या कागदपत्रांत पोर्तुगीज, एवढं भांडवल असताना उसन्या लेबलाची गरज काय? लेखात कुळागर आलं तर कुळागरच लिहू. वाचक एक क्षण अडखळेल, पुढचं वाक्य वाचेल आणि आत येईल.